पंप हवा खातो तेव्हा

गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. जानेवारीतली सकाळ, जबलपूरमधल्या रांझीच्या गल्लीत अजून धुकं उतरलेलं आणि वळणावर चाक फिरताच बोनेटखालून एक लांबलचक कण्हणं उठलं. उसाच्या चरख्यात कुणी कोरडी लाकडं घातल्यासारखं. स्टीअरिंग सरळ झालं की आवाज ओसरे, जरा वळलं की पुन्हा चढे. गॅरेजच्या दारात चहाचे ग्लास धुणाऱ्या पोऱ्याने मान वर न करता निदान सांगून टाकलं, ‘भैया, पंप गया.’

मिस्त्रीने पाना खाली ठेवला, पण हो म्हटलं नाही.

गाडीतून उतरलेले काका राइट टाउनचे, बँकेतून निवृत्त झालेले. गाडी डिझेलची, उंच, अठरा वर्षांची. काकांनी आल्या आल्या सांगितलं, की पंप गेलेला असणं शक्यच नाही, कारण सहा आठवड्यांपूर्वीच दुसऱ्या एका गॅरेजात नवा बसवून घेतलाय. बिल होतं. जुना पंपही होता, वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवलेला. ‘टाकवला नाही,’ ते जरा ओशाळून म्हणाले. ‘घरी ही रोज विचारते, हे लोखंड कशाला सांभाळताय म्हणून.’

‘बरं केलंत काका,’ मिस्त्री म्हणाला. ‘लागेल तो.’

या शहरात गाडीच्या पोटातल्या गोष्टी ठाऊक असलेली माणसं घरोघरी सापडतात. 1904 मध्ये इथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, 1969 मध्ये लष्करी वाहनांचा. गन कॅरेज आणि व्हेइकल ही दोन नावं जबलपुरी बोलण्यात इतकी मुरली आहेत, की ‘फॅक्टरी’ हा शब्दही मागे जोडावा लागत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून नर्मदेकाठी राहिलेली जुनी मराठी घरं होतीच. त्यांच्यात या कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या नोकऱ्यांनी आणखी भर घातली. मिस्त्रीचे बाबा त्यांतलेच. सत्तरच्या दशकात ते व्हेइकलमध्ये फिटर म्हणून लागले आणि कितीतरी वर्षं जोंग्याच्या जोडणीवर होते. जोंगा म्हणजे निसानच्या ‘पॅट्रोल’ नावाच्या गाडीवरून, परवान्याने बनवलेलं लष्करी वाहन. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून त्याला ‘जोंगा’ म्हटलं गेलं. जवळजवळ चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि स्टीअरिंगला मदतनीस कुणी नाही. 1999 मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. बाबांचं म्हणणं असं, की जोंग्याला पंप नव्हता, जोंग्याला दंड लागत.

दंडांचं काम तेलाकडून करून घेण्याची युक्ती मात्र जोंग्याहून जुनी. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1926 मध्येच एका मोटारीत तेलाच्या दाबावर चालणारं स्टीअरिंग बसवून दाखवलं होतं. मोटार कंपन्यांना ते खर्चिक वाटलं. दुसऱ्या महायुद्धात ते चिलखती गाड्यांत गेलं आणि सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळालं 1951 मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत. आपल्याकडे नव्वदीनंतर मोठ्या गाड्या घराघरांत आल्या, तसं ‘पॉवर स्टीअरिंग आहे ना?’ हे गाडी घेतानाचं विचारणं झालं.

या सगळ्याच्या मुळाशी असतो तो हाताच्या पंजात मावेल एवढा पंप. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा. त्याच्या आत एक चक्र असतं, चक्राला खाचा आणि खाचांत सरकणारी, साधारण दहा, पोलादी पाती. हे चक्र एका अंडाकृती कडीच्या आत फिरतं. फिरताना पाती बाहेर फेकली जातात आणि कडीला घासत जातात. कडी रुंद होते तिथे तेल आत ओढलं जातं, अरुंद होते तिथे ते चेपून बाहेर ढकललं जातं. दोन बाजूंना दोन तोंडं ठेवून दाबाचा तोल साधणारा असा पंप हॅरी व्हिकर्सने 1925 मध्ये केला. अशा गाड्यांत तो 80 ते 100 बारच्या आसपास दाब देतो. चाकातल्या हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो, त्याच्याशी ताडून पाहिलं म्हणजे या लहानशा डब्याची ताकद कळते.

त्याची खरी अडचण वेगळीच. गाडी उभी असते, पार्किंगमध्ये चाकं जागच्या जागी वळवायची असतात, तेव्हा सगळ्यात जास्त मदत हवी आणि नेमकं तेव्हाच इंजिन मंद फिरत असतं. उलट नागपूरच्या रस्त्यावर लखनादौनच्या पुढे गाडी पळते तेव्हा मदत जवळजवळ नकोच असते आणि पंप मात्र जोरात फिरत असतो. म्हणून पंपातच एक झडप असते. जास्तीचं तेल ती आतल्या आत परत फिरवते. म्हणजे पंप आयुष्यातला बराच काळ आपणच उपसलेलं तेल पुन्हा उपसत असतो. तेल स्वच्छ, भरपूर आणि हवेवाचून असेल तोवर त्याला त्याचं काही वाटत नाही.

मिस्त्रीने काकांना स्टुलावर बसवलं आणि पंपाला हात न लावता सुरुवात केली.

आधी पट्टा. अंगठ्याने दाबला, सेंटिमीटरभर दबला, ठीक. शिवाय सैल पट्टा चिरकतो, कण्हत नाही. मग जॅक लावून पुढची दोन्ही चाकं उचलली आणि इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. कुठे अडकलं नाही, गचका बसला नाही. खालचे बॉल जॉइंट, स्टीअरिंगच्या दांड्याचे सांधे, सगळं मोकळं. हे त्याने पोऱ्यालाही करायला लावलं. पोऱ्याचा चेहरा सांगत होता, की पंप बोंबलतोय आणि भैया चाकं झुलवतोय.

या झुलवण्यामागे एक जुना हिशेब होता. गॅरेज टाकून दोनच वर्षं झाली असताना जबलपूर-नागपूर फेऱ्या मारणारा एक टॅक्सीवाला त्याच्याकडे आला होता. स्टीअरिंग जड झालंय, एवढीच तक्रार. मिस्त्रीने पंप बदलला. स्टीअरिंग जडच. मग उधारीवर रॅक आणून तो बदलला. तरीही जड. चौथ्या दिवशी सापडलं, की स्टीअरिंगच्या दांड्याचा खालचा सांधा पावसाच्या पाण्याने गंजून आखडला होता. तेलाचे चार थेंब आणि फार तर एक नवा सांधा, एवढंच काम होतं. टॅक्सीवाला भांडला नाही. फक्त म्हणाला, ‘भैया, बीमारी गोड़े में थी, तुमने पेट चीर दिया.’ दुखणं पायात होतं आणि पोट फाडून बसलो, हे मिस्त्रीला मुकाट ऐकून घ्यावं लागलं. रॅकचे पैसे त्याने निम्मेच घेतले, आणि ते निम्मेही नको होते, असं त्याला आजही वाटतं. तेव्हापासून इंजिन बंद ठेवून चाकं उचलून पाहिल्याशिवाय तो पंपाकडे वळत नाही.

काकांच्या गाडीत पाय धड होते. आता तेल. टाकीचं झाकण उघडून इंजिन चालू केलं तर आत फेस. लालसर तेल गुलाबी, दुधाळ झालेलं, वर बुडबुड्यांची साय.

‘झाग आ रहा है भैया,’ पोऱ्या म्हणाला.

‘धुआंधार झालाय,’ काका म्हणाले. भेडाघाटाच्या धबधब्याचं नाव त्यांच्या तोंडी आलं ते सहज, पण उपमा चपखल होती. तिथेही पाणी पांढरं दिसतं ते हवेमुळेच.

फेस म्हणजे तेलात हवा शिरतेय. कुठून? गाडीखाली तेलाचा एक डाग नव्हता. काकांनी पुठ्ठा अंथरून दोन रात्री पाहिलं होतं, कोरडा निघाला होता. मागच्या गॅरेजवाल्यानेही गळती नाही असंच सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पंपाला दोन नळ्या असतात. एकीतून दाबाखालचं तेल बाहेर जातं; ती फाटली तर पिचकारी उडते, सगळ्यांना दिसते. दुसरी टाकीतून पंपाकडे येणारी, ओढणारी. ती चिरली तर इंजिन बंद असताना जेमतेम पाझरते. पण इंजिन चालू झालं, की पंप त्याच चिरेतून हवा ओढायला लागतो. तेल बाहेर येतच नाही, कारण तिथे ओढ आतल्या दिशेने असते. गळती असते, पण उलटी. पुठ्ठ्यावर ती कशी दिसणार?

तेवढ्यात आवाज ऐकून बाबा आतल्या खोलीतून आले. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, अंगात जुनं खाकी स्वेटर. त्यांनी न विचारता फळीवरचा लांब पेचकस उचलला, टोक पंपाच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. ‘आत वाळू चाळताहेत,’ ते म्हणाले. मग टोक अल्टरनेटरवर, पाण्याच्या पंपावर आणि पुन्हा मागे. ‘बाकी सगळं शांत आहे. हाच हवा खातोय.’

मिस्त्रीने तेलाच्या कुपीतून चार थेंब ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी, पंपाकडच्या क्लिपेवर सोडले. एक क्षण कण्हणं थांबलं. तेलाने चीर बुजली आणि हवेऐवजी तेलच आत गेलं. थेंब संपले, आवाज परत आला. पुन्हा थेंब, पुन्हा शांतता. काका स्टुलावरून उठून बोनेटवर वाकले. ‘परत करा बरं,’ ते म्हणाले. त्यांना चार वेळा करून दाखवावं लागलं.

नळी काढायला पक्कडही लागली नाही, हाताने निघाली. अठरा उन्हाळे इंजिनच्या गरम बाजूला काढल्याने तिचं तोंड खारकेसारखं कडक झालं होतं आणि आतल्या ओठाला नखभर चीर. पंप बदलताना मागच्या माणसाने तीच नळी, तीच गंजकी क्लिप परत बसवली होती. टाकीच्या तळाशी असलेली जाळीही काळ्या गाळाने अर्धी बुजलेली निघाली. म्हणजे पंप एकीकडून तेलाला तरसत होता आणि दुसरीकडून हवा गिळत होता.

अशा बुडबुड्यांचा उपद्रव एकोणिसाव्या शतकात आगबोटवाल्यांना कळला. चार्ल्स पार्सन्सची ‘टर्बिनिया’ ही बोट 1894 मध्ये पाण्यात उतरली, तेव्हा तिचा पंखा इतक्या जोरात फिरे, की त्याच्याभोवती पोकळ बुडबुडेच तयार होत. पंखा फिरे, पण बोटीला हवा तेवढा वेग येईना. अशा पोकळ्या दाबाखाली मिटतात, तेव्हा किती जबर तडाखा बसतो, त्याचं गणित लॉर्ड रॅलेने 1917 मध्ये मांडलं. धरणावरच्या टर्बाइनची पातीही याच तडाख्यांनी कुरतडली जातात. स्टीअरिंगच्या पंपात ओढणीच्या बाजूचा बुडबुडा पाव फेऱ्यात ऐंशी बारच्या तोंडी जातो आणि मिटतो. मिनिटाला हजार-दोन हजार फेरे. शिवाय जिथे बुडबुडा, तिथे पात्याला आणि कडीला वंगण नाही. बाबांना ऐकू आलेली वाळू ती हीच.

नवी नळी टाकली. तेल सोसणाऱ्या रबराचीच. रेडिएटरची पाण्याची नळी बसते, पण महिन्या-दोन महिन्यांत फुगून ढिली पडते. क्लिपा नव्या, जाळी धुतलेली, तेल बदललेलं. हवा काढल्यावर आवाज निम्म्याहून कमी झाला, पण मेला नाही. जागच्या जागी चाकं वळवताना स्टीअरिंग अजून हाताला जड लागत होतं. काकांना वाटलं होतं नळीवर भागेल. मिस्त्रीलाही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दाबाचं घड्याळ लावलं. आदल्या दिवशी लावलं नाही ते मुद्दामच, कारण फेसाळ तेलावर काटा नाचतो आणि ते माप खरं नसतं. घड्याळाला एक चावी असते. ती बंद केली, की पंपाला पुढे वाटच उरत नाही आणि त्याची सगळी ताकद काट्यावर दिसते. फार तर पाच सेकंद. त्याहून जास्त कोंडलं तर पंप तापून तिथेच जातो. याच कारणाने स्टीअरिंग टोकाला नेऊन दाबून धरू नये, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. चावी बंद केली. काटा पन्नासपर्यंत गेला आणि तिथेच रेंगाळला. मग चावी उघडून स्टीअरिंग टोकाला नेलं, तेव्हाही पन्नासच. चावी बंद असताना काटा पुरा चढला असता आणि स्टीअरिंग टोकाला नेल्यावर कमी आला असता, तर दोष रॅकमध्ये, तेल तिथे आतल्या आत निसटतंय, असं ठरलं असतं. दोन्ही वेळा सारखाच कमी, म्हणजे पंपच दमलाय.

सहा आठवड्यांचा पंप.

तो खोलला आणि शेजारी काकांच्या डिकीतला जुना पंपही खोलला. वर्तमानपत्र अंथरून दोन्हींच्या कड्या मांडल्या. मिस्त्रीने काकांचा हात धरून त्यांच्या अंगठ्याचं नख जुन्या कडीच्या आतून फिरवलं. धुण्याच्या दगडासारख्या बारीक बारीक लाटा नखाला लागत होत्या. मग नव्या कडीतून. तिथेही लाटा, त्याच जागी, फक्त कोवळ्या. वर नव्या पंपाच्या पुलीच्या काठावर हातोडीचे तीन ठसे होते. ही पुली दांड्यावर घट्ट दाबून बसते. ती काढायला पुलर लागतो आणि बसवायला पेचाचं अवजार. ते हाताशी नसलं, की माणूस हातोडी उचलतो. पुली बसते, पण ठोका दांड्यावाटे थेट बेअरिंगवर आणि पात्यांवर जातो. दांडा बोटांनी हलवला, तर सुतभर खेळत होता.

‘म्हणजे पहिला पंप आपोआप गेलाच नव्हता,’ काका म्हणाले.

‘गेला होता. पण नळीने नेला. आणि नळी राहिली, म्हणून हाही.’

मागच्या गॅरेजवाल्याबद्दल मिस्त्री वाईट बोलला नाही. काका दोनदा तो विषय काढून बघून गप्प झाले. बाबांनी मात्र हातोडीच्या ठशांवरून अंगठा फिरवला आणि एक जबलपुरी शिवी हासडली, नेमकी कुणाला ते कळलं नाही.

किट टाकून भागेल का, हा प्रश्न आलाच. किट म्हणजे सील आणि रबरी कड्या. पंप बाहेर गळत असेल आणि कडी नखाला गुळगुळीत लागत असेल, तर किटने अनेक वर्षं निघतात. इथे कडीच खरवडलेली. नवं रबर जुन्या लाटा बुजवू शकत नाही. नवा पंप मागवावा लागला.

तो येईपर्यंतच्या दिवसात मिस्त्रीने सगळी वाट धुऊन काढली. दोन पंपांची झीज, डोळ्यांना न दिसणारा पोलादाचा चुरा, त्या तेलात फिरत होता. परतीची नळी बाटलीत सोडून नवं तेल ओतत राहायचं, कुणीतरी स्टीअरिंग फिरवत राहायचं, बाटलीत पडणारं तेल स्वच्छ होईपर्यंत. बाटली उन्हात धरली तर आत चंदेरी चमचम दिसे. पोऱ्याला ती आवडली. मिस्त्रीने त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. एकदा एका माणसाने तेल कमी दिसलं म्हणून घरात होतं ते ब्रेकचं तेल याच टाकीत ओतलं होतं. दोन्ही तेलंच, पण जात वेगळी. सगळे सील फुगले आणि पंपापासून रॅकपर्यंत एकेक रबर बदलावं लागलं.

पंप बसवण्याचं काम मात्र दीड तासाचं. पुली पेचाने, सावकाश, पट्ट्याच्या बाकी पुल्यांच्या रांगेत आणून. दाबाच्या नळीच्या बोल्टला दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर, कारण जुने एकदा चेपले, की पुन्हा धड बसत नाहीत. टाकी भरली. इंजिन चालू करायला पोऱ्या किल्लीकडे गेला, तेव्हा मिस्त्रीने त्याचा हात धरला. चाकं उचललेली, इंजिन बंद, स्टीअरिंग वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाकीत बुडबुडे वर येत गेले, तेल खाली गेलं, पुन्हा भरलं. मग गाडी तशीच रात्रभर ठेवली. सकाळी इंजिन चालू केलं तेव्हा पहिली काही सेकंदं हलकं गुरगुरणं झालं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. मग ते विरून गेलं.

बहुतेक नव्या गाड्यांत हे काहीच राहिलेलं नाही. 1988 मध्ये सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत विजेच्या मोटरवर चालणारं स्टीअरिंग आणलं, आणि आता ना पंप, ना पट्टा, ना तेल. बिघाड संगणक सांगतो. बाबांचा पेचकस अशा गाडीच्या अंगावर कुठेही टेकवला, तरी स्टीअरिंगबद्दल काही ऐकू येणार नाही.

काका गाडी न्यायला आले, तेव्हा बाबा आधीच चालकाच्या जागेवर जाऊन बसले होते. त्यांनी उभ्या गाडीत स्टीअरिंग एका बोटाने फिरवून पाहिलं, डावीकडे, उजवीकडे. मग दुसऱ्या हाताने स्वतःचा दंड चाचपला आणि हसत खाली उतरले.

मिस्त्रीने बिल लिहिलं. काकांनी चष्मा लावून वाचलं. पहिल्या ओळीत सक्शनची नळी एक आणि क्लिपा दोन. दुसऱ्या ओळीत तेल. पंप तिसरा.

‘मोठी रक्कम खाली कशी?’

‘ज्या क्रमाने काम झालं, त्या क्रमाने लिहिलंय काका.’

काकांनी बिलाची घडी घालून ती गाडीच्या खणात, मागच्या गॅरेजच्या बिलावर ठेवली. त्या बिलावर एकच ओळ होती. मग त्यांनी वर्तमानपत्र मागितलं. डिकीत आता दोन पंप गुंडाळून ठेवायचे होते.

‘आणि ती नळी?’ त्यांनी विचारलं.

‘ती इथेच राहू द्या,’ मिस्त्री म्हणाला. पोऱ्याने ती आधीच दाराजवळच्या खिळ्याला अडकवली होती, चिरलेलं तोंड बाहेरच्या बाजूला करून.